अनुपच्या गाडीतलं घड्याळ

प्लेनो, टेक्सास, ३ फेब्रुवारी

अहिल्यामावशी,

अक्षर लागतंय ना? कॉलेज सुटल्यापासून एवढं हाताने लिहिलेलं नाही. पण तुला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की संध्याकाळपर्यंत पुण्याला आईच्या कानावर जातं. म्हणून तुझीच पद्धत, कागद आणि पाकीट.

विषय असा की आमच्या शनिवारच्या बैठकीत चोऱ्या होतायत. हसू नकोस. आम्ही चौघं बसतो हे तुला माहीत आहे. मी, ऑफिसातला अरुण, त्याच्या शेजारच्या टीममधला अनुप आणि तुझा ऋषी. पाळीपाळीने एकेकाच्या घरी. दारात शिरलं की गाडीची किल्ली स्टीलच्या पातेल्यात टाकायची, हा निधीने घालून दिलेला नियम. प्यालेल्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. अनुपला डॉक्टरने गेल्या वर्षी दारू बंद केली, त्यामुळे तो सोडा पीत बसतो आणि मग एकेकाला आपल्या गाडीतून घरी सोडतो. रविवारी आपापली गाडी येऊन न्यायची. मागच्या उन्हाळ्यापासून हे असंच चाललंय आणि छान चाललं होतं.

आधी किरकोळच जायचं. अरुणचा लायटर, माझे इअरबड्स. पुढच्या वेळी सोफ्याच्या फटीत नाहीतर बाथरूममध्ये सापडायचे, आम्ही म्हणायचो, यार, जास्त झाली होती. पण मध्यंतरी अरुणच्या घरून त्याचं घड्याळ गेलं, बायकोने लग्नाच्या वाढदिवसाला दिलेलं. ते काही सापडलं नाही. आणि आता आमच्या देवघरातला चांदीचा करंडा. निधीच्या आजीचा, झाकणावर मोर असलेला, त्या मोराचा एका डोळ्याचा खडा पडलेला. हळदीकुंकवाला बायका दारात आल्या आणि करंडा जागेवर नाही. निधीने प्लास्टिकच्या डबीतून कुंकू लावलं. तेव्हापासून माझ्याशी बोलताना 'तुझे ते मित्र' एवढंच म्हणते.

मी काय करू, सांग. पोलीस नको वाटतात. एकत्र बसून पिणाऱ्यांनी एकमेकांवर संशय घ्यायचा म्हणजे सगळंच संपलं. आणि खरं सांगतो, आठवडाभर मान मोडून काम केल्यावर त्या शनिवारशिवाय माझं असं इथे काही नाही.

ऋषी बरा आहे. नोकरी शोधतोय, मिळेल. तू काळजी करू नकोस.

निमिष

*

शुगर लँड, ८ फेब्रुवारी

निमिष,

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण वाचलं. पस्तिशी उलटलेले बाप्ये दर शनिवारी ग्लास घेऊन बसतात आणि मग माझं घड्याळ गेलं म्हणून रडतात, ह्याचं मला काही कौतुक नाही. तुझ्या आईला मी हे सांगणार नाही, एवढीच मेहेरबानी समज.

आता जरा डोकं चालव. घरात तुम्ही चौघं. तू यजमान. अरुणचं स्वतःचंच गेलंय. ऋषी माझा मुलगा. राहिलं कोण? जो पीत नाही तो पिणाऱ्यांमध्ये चार चार तास काय करतो हे मला तरी कळत नाही. तो एकटाच शुद्धीवर, तुमचे कोट, खिसे, किल्ल्या सगळं त्याच्यासमोर उघडं. हा अनुप कुठला? आडनाव लिहिलं नाहीस. जातपात मी मानत नाही, तुला माहीत आहे, जन्मभर सगळ्या जातीधर्मांच्या बायकांची बाळंतपणं केली. पण माणूस कुठल्या घरातून आलाय हे विचारावं लागतं.

पोलिसांत जा. ह्या देशात त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि इन्शुरन्सवाले रिपोर्टशिवाय दारात उभं करत नाहीत. भीडभाड ठेवू नकोस. ज्याने घेतलं असेल त्याला एकदा चांगली अद्दल घडली की जन्मभर पुरते. निधीच्या बाजूने उभा राहा, तिच्या आजीची वस्तू होती ती.

ऋषी पुढच्या आठवड्यात येतोय, दोन महिन्यांनी. गुळाच्या पोळ्या करून ठेवल्यात. तुझ्यासाठीही चार पाठवते त्याच्याबरोबर.

अहिल्यामावशी

*

प्लेनो, २६ फेब्रुवारी

मावशी,

पोळ्या ऋषीने दिल्या नाहीत, विसरला असेल. असू दे.

तुझं पत्र निधीनेही वाचलं. म्हणाली, मावशींनी बरोबर ओळखलं. मी रिपोर्ट दिला आणि त्या दिवशी घरात कोण कोण होतं ती नावं दिली. अनुपचं आडनाव गजभिये. नागपूरचा. आता तुला जे समजायचं ते समजलं असेल.

पुढचं इतकं भराभर झालं की मलाही कळलं नाही. अरुणची गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून सोमवारी अनुप त्याला ऑफिसला घेऊन चालला होता. अरुणने टिश्यू शोधायला समोरचा कप्पा उघडला तर आत त्याचं घड्याळ, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं. अरुणने कप्पा तसाच बंद केला. ऑफिसात उतरला आणि माझा रिपोर्ट घेतलेल्या ऑफिसरला फोन केला. पार्किंगमध्येच अनुपला बेड्या घातल्या, सगळं ऑफिस काचेतून बघत होतं. अनुप म्हणाला काय, तर 'मी ते परत ठेवणार होतो.' ह्याच्यावर माणसाने काय बोलायचं?

एक रात्र आत होता. जामीन झाला, पण चोरीचा आरोप ठेवलाय. आता स्वतःला वाचवायला भलत्याचंच नाव घेतोय. कोणाचं ते मी लिहीत नाही, तुला उगाच मनस्ताप. पोलिसांनी मला विचारलं, मी सांगितलं की त्या माणसाची खात्री मी देतो. करंडा मात्र मिळाला नाही.

अनुप एच-वनवर आहे. असा गुन्हा नावावर लागला तर व्हिसा संपतो, ग्रीन कार्ड विसरायचं, म्हणजे बिऱ्हाड गुंडाळून परत. काल त्याची बायको सुजाता आमच्या दारात आली होती. मुलगी मोनाली गाडीत बसलेली. निधीने दार उघडलं नाही. सुजाता बेल दाबून बराच वेळ उभी राहिली, मग पायरीवर बसली, मग गेली. मी जिन्यातून बघत होतो. वाईट वाटलं. पण पुरावा सापडल्यावर मी तरी काय करणार?

निमिष

*

शुगर लँड, २८ मार्च

निमिष,

महिना झाला तुझ्या पत्राला. बरं नव्हतं असं लिहिणार होते, पण मला काही झालेलं नाही.

तक्रार मागे घे. मी दिलेला सल्ला चुकला. घड्याळ मिळालं ना अरुणला? मग झालं तर. करंडा मी निधीला ह्यूस्टनच्या सराफाकडून नवा घडवून देते, अगदी तसाच, मोरासकट. तू पोलिसांना सांग की मित्रामित्रांतला गैरसमज होता. लेकुरवाळा माणूस आहे तो. उगाच कोणाच्या संसारावर नांगर फिरवू नये.

ऋषी आला होता. पोळीला हात लावला नाही. सकाळी दहाला त्याचे हात थरथरत होते. मी डॉक्टर आहे, हात कशाने थरथरतात ते मला शिकवायला नको. तू त्याला दर शनिवारी बघतोस आणि मला 'बरा आहे' म्हणून लिहितोस. असं का केलंस?

जाताना माझ्यासाठी एक भेट ठेवून गेला. जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली म्हणाला, तुला आवडेल असं वाटलं, आई. मी उघडून पाहिली. कपाटात शालींच्या खाली ठेवून दिली आहे. त्याबद्दल मला काही विचारू नकोस. फक्त सांगितलं तेवढं कर, आणि लवकर कर.

मावशी

*

प्लेनो, ९ एप्रिल

मावशी,

वकिलाला विचारलं. तक्रार मागे घ्यायला ती आता माझी राहिलेलीच नाही, केस सरकारची झाली. अनुपला कंपनीने अटकेनंतर लगेचच काढून टाकलं. नोकरी गेली की ह्या व्हिसावर साठ दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा. आणि आरोप असलेल्याला नोकरी कोण देतो? अनुप हुशार आहे, कॅनडात मिळेल, नाहीतर पुण्यात. कोणाचं काही अडून राहत नाही.

तक्रारीचं तेवढंच निधीला सांगितलं, तर म्हणाली, मावशी इतक्या नरम कशा पडल्या. तिला नवा करंडा नको आहे. ती म्हणते, ज्याने केलं त्याने भोगावं.

बैठक बंद झाली. अरुण मला ऑफिसात टाळतो. शनिवारी मी एकटाच गराजमध्ये बसतो, निधी वर टीव्ही लावून बसते. ऋषीचा फोन येतो, मी उचलत नाही. तो बरा आहे असं लिहिलं ते तुला जपण्यासाठी लिहिलं.

तुझ्या त्या भेटीबद्दल मी विचारणार नाही. तूही मला काही विचारू नकोस. काही गोष्टींवर झाकण असलेलंच बरं असतं, मावशी. ते झालं ते झालं. तुझं वय बघ, बीपी बघ.

निमिष

*

शुगर लँड, १७ एप्रिल

निमिष,

झाकण तुला ठेवायचं तर ठेव. मला नाही जमत.

निधीच्या आजीचा करंडा माझ्या कपाटात आहे. मोराचा डावा डोळा नाही. तुझं पहिलं पत्र माझ्या टेबलावर पडलेलं होतं आणि त्याच टेबलावर ऋषीने तो करंडा ठेवला, कागदात बांधून, वर रिबीन लावून. पुढे अनुपला धरल्याचं तुझं पत्र आलं, तेव्हा त्याने कोणाचं नाव घेतलं ते तू का लिहिलं नव्हतंस, तेही मला त्याच क्षणी कळलं.

परवा ऋषीला बोलावून घेतलं. करंडा समोर ठेवला आणि विचारलं. तू त्याला ओळखतोस, मराठीत सुरू करतो आणि अडचणीत आला की इंग्रजीत जातो. म्हणाला, 'इट वॉज जस्ट देअर, आई.' कोणाच्या घरून उचलला ते त्याला आठवतही नव्हतं. सकाळी उठतो तर खिशात काहीतरी असतं. पहिल्यांदा घाबरला, मग सवय झाली. तुमच्या घरांतून निघताना त्याला काहीतरी बरोबर घ्यावंसं वाटतं, म्हणाला. त्याच्या स्वतःच्या घरात एक गादी आणि टीव्ही आहे, बाकी सगळं बायको घेऊन गेली. घड्याळही त्यानेच घेतलं होतं. कुठे पडलं ते त्याला माहीत नाही. मी त्याच्यासमोर रडले नाही. तो गेल्यावर रडले.

आता माझं सांगते. ऋषी इथे जन्मला. त्याला कोणी कुठे पाठवू शकत नाही. फार तर दंड होईल, नाचक्की होईल, मंडळात लोक माझ्याकडे बघून कुजबुजतील. अनुपचं मात्र सगळं जाईल. हा हिशोब मला तुझं ते पत्र आलं त्याच दिवशी कळला होता, निमिष. तरी महिनाभर मी गप्प बसले आणि मग तुला 'तक्रार मागे घे' असलं गुळमुळीत पत्र लिहिलं. का, तर ऋषी माझा आणि अनुप माझा नाही. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मी ऋषीला घेऊन येत्या आठवड्यात प्लेनोला येते. तू आमच्याबरोबर पोलिसांकडे चल. तू खात्री दिलीस, ती तूच मागे घ्यायला हवीस.

मावशी

*

प्लेनो, २२ एप्रिल

मावशी,

येऊ नकोस. उशीर झाला.

अनुपने गुन्हा कबूल केला. तारखेवर तारीख पडत होती, साठ दिवस संपत आले, वकिलाने सांगितलं की कबूल केलंत तर दंडावर सुटाल आणि विमानात बसता येईल. अरुणकडून कळलं. मागच्या आठवड्यात तिघंही गेले. त्यांचं अपार्टमेंट रिकामं आहे, मी बघून आलो. कचऱ्याच्या डब्याशेजारी मोनालीची छोटी सायकल उभी होती.

तू सगळं लिहिलंस, आता मीही लिहितो. मला माहीत होतं. आई आली होती तेव्हा तिच्यासाठी हॉलमध्ये कॅमेरा लावला होता, तो तसाच राहिला होता. रिपोर्ट देताना मला त्याची आठवणही नव्हती. अनुपला धरून नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुचलं. बघितलं तर ऋषी देवघरापाशी जातो, करंडा हातात घेतो, अंगठ्याने मोर पुसतो आणि खिशात टाकतो. सोफ्यावर आम्ही तिघं हसतोय. मी ती क्लिप पुसून टाकली.

मी इथे आलो तेव्हा दोन बॅगा आणि सर्दी घेऊन तुझ्या दारात उभा होतो. वर्षभर तू मला जेवायला घातलंस, लायसन्ससाठी गाडी शिकवलीस, बाबा गेले तेव्हा तिकीट काढून दिलंस. तुझ्या मुलाला मी माझ्या हाताने पोलिसांकडे कसा देऊ? तुला कळलं तर तू मोडून पडशील असं वाटलं. आणि तू तिकडे मला काही कळू नये म्हणून करंडा शालींखाली दडवून बसलेलीस. आपण दोघं एकमेकांना सांभाळत बसलो आणि अनुपला कोणी विचारलं नाही.

आता कागदावर चोर सापडला आहे, केस बंद झाली आहे. तू येऊन जबाब दिलास तर क्लिपचा विषय निघेल. पुरावा पुसणं हाही गुन्हा आहे, आणि माझंही ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे. निधीला ह्यातलं काही माहीत नाही. तुझ्या पाया पडतो, येऊ नकोस.

निमिष

*

शुगर लँड, २० मे

अनुप गजभिये यांना,

आपली ओळख नाही. मी ऋषीची आई, निमिषची मावशी. पत्ता अरुणकडून मिळवला.

मागच्या महिन्यात मी ऋषीला घेऊन प्लेनोच्या पोलिसांकडे गेले. करंडा त्यांच्याकडे दिला, घड्याळ आणि करंडा दोन्ही स्वतः घेतल्याचं ऋषीने लिहून दिलं. निमिष आला नाही. त्याच्या घरावरून आम्ही गेलो तेव्हा गराज उघडं होतं, आमची गाडी दिसताच ते बंद झालं. ऋषी आता व्यसनमुक्ती केंद्रात आहे. त्याच्यावर खटला होईल, पण तो सोपा जाईल असं सगळे म्हणतात. मला त्याचीच लाज वाटते.

वकिलाने सांगितलं की तुम्ही दिलेली कबुली रद्द करून घेता येईल, पण त्याला तुमच्या सह्या लागतात. कागद सोबत जोडले आहेत. सगळी धावपळ मी करीन.

निमिषला पोलिसांत जायला मीच सांगितलं होतं. तुमचं आडनावही मीच विचारलं होतं. मुलाने केलं हे कळल्यावर दोन महिने गप्प बसले, तेही मीच. ह्यातलं काही तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. मला क्षमा करा असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

अहिल्या दामले

*

नागपूर, ११ जून

डॉ. दामले मॅडम,

कागद मिळाले. सह्या करून परत पाठवत आहे. माझा वकील म्हणतो वेळ लागेल, आणि होईलच असं नाही. एकदा कबूल केलेलं पुसायला फार कष्ट पडतात. इथल्या कंपन्याही विचारतात, अचानक का आलात. मी घरगुती कारण सांगतो.

तुम्ही सगळं लिहिलंत, म्हणून मीही एक गोष्ट लिहितो. ऋषी वस्तू उचलतो हे मला कुणाच्याही आधी कळलं होतं. त्याला घरी सोडलं की माझ्या मागच्या सीटवर काही ना काही पडलेलं असायचं. ते मी पुढच्या बैठकीला ज्याच्या त्याच्या घरी गुपचूप ठेवून द्यायचो. लायटर, इअरबड्स असेच परत गेले. घड्याळही जाणार होतं. पण अरुणच्या पाळीच्या शनिवारी रस्त्यावर बर्फ गोठला, बैठक कॅन्सल झाली आणि घड्याळ गाडीतच राहिलं. करंडा ऋषीच्या खिशातून माझ्या गाडीत पडला असता तर तुमच्यापर्यंत आलाच नसता.

हे मी ऋषीवरच्या मायेने केलं असं समजू नका. तो मला आवडायचा हे खरं आहे. घरी सोडताना मागे बसून मुलासारखा रडायचा, मी गाडी बाजूला घेऊन थांबायचो. पण कारण ते नव्हतं. काही हरवलं आणि बोभाटा झाला तर पहिलं नाव कोणाचं येणार हे मला पक्कं माहीत होतं. शाळेत कुणाची कंपासपेटी हरवली की आधी माझं दप्तर उपडं करायचे. हॉस्टेलवर माझी ट्रंक. म्हणून हरवलेलं सापडत राहावं, कुणी विचारायची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी माझी सगळी धडपड. प्लेनोला आल्यावर ही धडपड संपेल असं वाटलं होतं.

ऋषीचं नाव मी पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगितलं. निमिषने त्याची खात्री दिली. माझी कोणी दिली नाही. ज्या माणसाला मी कितीदा तरी खांद्याला धरून त्याच्या दारापर्यंत पोचवलं, त्याने जिन्यात उभं राहून माझ्या बायकोला पायरीवर बसलेलं पाहिलं. सुजाताला तो काचेतून दिसला होता.

तुम्ही पोलिसांकडे गेलात, त्याबद्दल आभार. क्षमेचं मात्र मला जमत नाही. राग आहे आणि तो इतक्यात जाईल असं वाटत नाही.

मोनाली पहिलीत आहे. तिच्या मैत्रिणी, तिची शाळा, सगळं तिकडे. रोज विचारते, आपण घरी कधी जाणार. सुजाता सांगते, हेच घर आहे, बाळा. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. तिला सांगण्यासारखं काही तुमच्याकडे असेल तर लिहा. नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नका.

अनुप गजभिये